एंजल मासे आणि बकरीचं औषध

नाशिक रोडच्या एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी रुजू झालो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि प्राणिशास्त्रातली बी.एस्सी.ची पदवी होती. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नामपूरच्या शाळेत शिकून पुढे कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. पदवीचा कागद कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला होता, पण तो आहे हे भेटेल त्याला पाच मिनिटांत कळत असे. त्या वयात मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

राहायला जागा मिळाली ती प्रेसमध्ये नोकरीला असलेल्या एका काकांच्या घरी. पुढची खोली माझी, मागच्या दोन खोल्यांत काका आणि काकू. मुलगी लग्न होऊन जालन्याला गेलेली. छापून आलेले नोटांचे कागद तपासणं हे काकांचं काम. दिवसभर एकसारख्या दिसणाऱ्या कागदांतून एखादी पुसट रेघ, एखादा शाईचा ठिपका शोधायचा. ती नजर घरी आल्यावरही मिटत नसे. ताटातली भाकरीसुद्धा ते उलटसुलट करून बघत. काकू म्हणायच्या, "जेवा आता. ती छापलेली नाही, भाजलेली आहे."

माझ्या खोलीच्या आणि त्यांच्या खोल्यांच्या मधल्या पडवीत काकांचा माशांचा टँक होता. लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून आणून, तिला स्वतःच्या हाताने काचा आणि पुट्टी लावून त्यांनी तो बनवला होता. आत सात एंजल मासे. अंगाने बशीसारखे चपटे, रुपेरी, त्यावर काळे पट्टे आणि वर-खाली पतंगाच्या शेपटीसारखे लांब पर. काकांनी मुंबईहून एक जोडी आणली होती. तिने पानावर घातलेल्या अंड्यांतून ही पिल्लं त्यांनी वाढवली होती. शेकडो पिल्लांतली सात जगली. आई-बाप नंतर मेले. "दुकानातून आणून कोणीही पाळेल," काका म्हणायचे. "ही आपल्या घरात जन्मलेली आहेत." प्रेसमधून आले की चहाच्या आधी ते टँकसमोर बसत. कोण कुठे आहे हे बघून झालं की मग चहा.

काका त्यांना सुकं खाद्य घालत. ते बघून माझ्यातला बी.एस्सी. जागा झाला. मी सांगितलं की, माशांना जिवंत खाद्य द्यायला हवं, त्याने रंग खुलतो, वाढ चांगली होते. हे काही खोटं नव्हतं. जवळच्या चेहेडी गावात माझ्या एका सहकाऱ्याचं फुलांचं शेत होतं, गुलाब आणि शेवंतीचं. तिथे एक जुना हौद होता. डास होऊ नयेत म्हणून त्यात गप्पी मासे सोडलेले होते. त्या हौदाच्या पाण्यात बारीक पांढरे जीव नाचत असत. आठवड्यातून दोनदा मी सायकलवर जाऊन, जुन्या रुमालाची जाळी करून ते गाळून दुधाच्या डब्यात घेऊन येई. एंजल त्यांच्यावर तुटून पडत. काका हरखून जात.

"बघ, तुझ्या सुक्या भुकटीला कधी असे धावले होते का?" काकूंना ते विचारायचे.

"ती भुकटी मी नाही आणली, तुम्हीच आणली होती," काकू म्हणायच्या.

असे दोन-तीन महिने गेले. एका रविवारी विहारातली वंदना आटोपून मी परत आलो तर काका टँकसमोर उकिडवे बसलेले होते.

"बीएस्सी, जरा इकडे या." मला ते त्याच नावाने हाक मारत. "त्या मोठ्या मादीला मागून धागा लोंबतोय."

मी वाकून पाहिलं. मला काही दिसेना. "विष्ठा असेल काका."

"विष्ठा सुटून पडते. हा पडत नाही. ती हलली की आत जातो, थांबली की बाहेर येतो. आणि लाल आहे."

त्यांनी भिंग आणून दिलं तेव्हा मला दिसला. केसापेक्षा थोडा जाड, लालभडक, नखाएवढा लांब. एक नव्हे, दोन. काका म्हणाले, "नोटेत धागा असला तर नोट खरी. माशात असला तर काय समजायचं?"

दुपारपर्यंत त्यांना तीन माशांत धागे सापडले. आता काकांचा आवाज बदलला होता. "तुम्ही यातलं शिकलेले आहात. करा काहीतरी."

शिकलेला मी होतो खरा, पण त्या क्षणी मला पुस्तकातलं काही आठवलं नाही. आठवला तो आमच्या वडिलांचा पाय. मी लहान असताना त्यांच्या पोटरीतून नारू निघाला होता. गावातल्या एका जाणत्या माणसाने त्या जंताचं टोक काडेपेटीच्या काडीला गुंडाळलं आणि रोज थोडं थोडं गुंडाळत कितीतरी दिवसांनी तो अखंड बाहेर काढला. वडील भिंतीला टेकून बसत आणि मी त्यांच्या पायाशी बसून ती काडी बघत असे. लांब जंत, बाहेर लोंबणारं टोक. मला वाटलं, हे तेच आहे. मी अगदी खात्रीने काकांना सांगितलं, "नारूसारखा प्रकार आहे. हळूच ओढून काढू."

काकांनी ओल्या फडक्यात एक मासा धरला. माझ्या हातात चिमटा. धागा पकडून मी हळूहळू ओढू लागलो. थोडा आला, मग ताणला गेला आणि तुटला. मागून रक्ताचा एक ठिपका आला. मासा पाण्यात सोडला तर तो एका कुशीवर कलला. दुपार कलायच्या आत तो तळाशी पडला होता.

काकांनी त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. जेवताना काकूंना फक्त एवढंच म्हणाले, "सहा राहिले."

ते दोन शब्द मला चार दिवस पुरले. रोज संध्याकाळी काका प्रेसमधून येत, टँकसमोर बसत आणि चहा निवून जाई. मोठी मादी कोपऱ्यात जाऊन उभी राहू लागली होती. खाद्य टाकलं तर तोंडात घ्यायची आणि थुंकायची. मी मात्र डबा घेऊन चेहेडीला जातच होतो. आजारी माशांना सकस खायला हवं, असा माझा हिशेब.

त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गाला नारूचा धडा होता. फळ्यावर मी सायक्लोप्सचं चित्र काढत होतो. पाण्यात राहणारा बारीक जीव, कपाळावर एकच डोळा, दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या. नारूची अळी याच्या पोटात वाढते, माणूस न गाळता पाणी पितो, सायक्लोप्स पोटात जातो आणि त्यातून नारू होतो, म्हणून पाणी गाळून प्यावं. हे मी दरवर्षी सांगणार होतो, आणि सांगता सांगताच माझा हात थांबला. चेहेडीच्या हौदात काय नाचत होतं ते मला दिसायला लागलं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, एका बाजूची पिशवी काढायची राहिली."

मी ती काढली. मधल्या सुट्टीत घरून डब्यातलं उरलेलं पाणी प्रयोगशाळेत आणून एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एकडोळे जीव इकडून तिकडे उड्या मारत होते. वर्गात ज्यांच्यापासून सावध राहा म्हणून सांगत होतो, तेच मी आठवड्यातून दोनदा सायकलवरून आणून काकांच्या माशांना भरवत होतो. हौदातल्या गप्पी माशांत हे जंत असणार, जंतांची पिल्लं सायक्लोप्समध्ये, आणि सायक्लोप्स माझ्या डब्यात.

त्या संध्याकाळी काका पायरीवर बसून एअर पंपाची नळी धूत होते. मी समोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. "काका, हे जंत मी आणले."

"कुठून?"

"हौदातून. त्या जिवंत खाद्यातून."

त्यांनी नळी खाली ठेवली. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील, आणि सांगितलं असतं तर मला वाईट वाटायला जागा नव्हती. मग ते म्हणाले, "डबा तुम्ही आणायचा, पण ओतायचा मी. हौसेने ओतायचो." पुन्हा नळी हातात घेतली. "आणले कोणी ते राहू द्या. जातील कसे ते बघा. पण चिमटा नको."

आतून काकू म्हणाल्या, "आणि तो दुधाचा डबा आता माझ्या भांड्यांत ठेवू नका."

मी माझ्या कॉलेजच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. होस्टेलच्या पहिल्या वर्षी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा कसा लावायचा हे ज्यांनी माझं डोकं धरून शिकवलं होतं, ते हे सर. सगळं लिहिलं, चिमट्याचंही. आठ दिवसांनी उत्तर आलं. तोवर आणखी एक मासा गेला होता. पाच राहिले होते.

सरांनी बारीक अक्षरात अंतर्देशीय पत्राच्या तिन्ही बाजू भरल्या होत्या. हा जंत आतड्याला तोंडाने घट्ट चिकटलेला असतो, ओढला तर आतडं फाटतं. नारू कातडीखाली असतो, हा पोटात, दोन्ही एक नव्हेत. लेव्हॅमिसोल नावाचं शेळ्या-मेंढ्यांना जंतांवर देतात ते औषध घ्यावं. मासा खात नसेल तर पोटातून देण्याच्या फंदात पडू नये, ते पाण्यात विरघळवावं, लिटरला दोन मिलिग्रॅम. आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवावेत. उजेडाने औषध निकामी होतं, म्हणून टँक झाकावा. औषधाने जंत मरत नाहीत, लुळे पडून बाहेर पडतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी तळ साफ ओढून घ्यावा, नाहीतर मासे तेच पुन्हा खातील. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा द्यावं, कारण लहान पिल्लं पहिल्या वेळी सुटतात. आणि शेवटी एक ओळ होती: "हे औषध तुझ्या वडिलांच्या ओळखीचं असेल."

शुक्रवारी रजा टाकून मी गावी गेलो. वडील गोठ्यात होते. मी पत्रातलं नाव वाचून दाखवलं. त्यांनी कोनाड्यातून एक पुडी काढून माझ्या हातात दिली आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "हाई देख, हाईच शे का?"

पुडीवर बारीक अक्षरात तेच नाव होतं. वडिलांनी ते कधी वाचलेलं नव्हतं. त्यांना पुडीचा रंग ठाऊक होता. मी माशांची सगळी हकीगत सांगितली. ते ऐकत राहिले आणि मग आईकडे बघून म्हणाले, "पंधरा वरीस शिकना, आनि बकरीनं औषध लेवाले घर उना."

आई हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघालो तर वडील धुतलेलं धोतर नेसून फाट्यावर उभे. मासा औषध कसं पितो ते त्यांना बघायचं होतं.

नाशिकला उतरून मी आधी शाळा गाठली. शनिवारची शाळा सुटत आली होती. मुख्याध्यापकांना म्हटलं, रासायनिक तराजू हवा आहे, काकांच्या माशांना जंत झालेत. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले आणि कपाटाची किल्ली पुढे केली. पुडीत शुद्ध औषध किती आणि बाकी भुकटी किती ते पुडीवर छापलेलं होतं, पण टँकमध्ये पाणी किती हे मला माहीत नव्हतं. ते काकांना तोंडपाठ होतं. सहा बादल्या, वर दोन तांबे. बादली पंधरा लिटरची. गणित मी तीनदा केलं, आणि घरी आल्यावर काकांनी भिंग लावून चौथ्यांदा तपासलं.

वडील बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "मी बकरीले उचलीसन देखस, आनि तितलंच औषध देस. पाणीले कसं उचलशी?"

"आबा, तुमचा तराजू बरा," काका म्हणाले. "त्याला किल्ली लागत नाही."

रविवारी सकाळी काकांनी टँकवरचा दिवा काढला. मी औषध एका पेल्यात विरघळवलं. काकू पदराला हात पुसत आल्या आणि विचारलं, "थोडा गूळ घालू का? लेकरांना आपण आधी गूळ देतो. जंत गोडाला तोंड उघडतात म्हणतात."

"मग बुंदीच पाडू की," काका म्हणाले.

गूळ राहिला. पेल्यातलं पाणी मी चारी कोपऱ्यांत थोडं थोडं ओतलं. दर कोपऱ्याला थांबून मासे उभे आहेत ना ते बघितलं. चिमटा धरला होता तेव्हा असा थांबलो नव्हतो. काकूंनी आपली गोधडी आणून टँकवर पांघरली. नुसता पंपाचा आवाज ऐकू येत राहिला.

तो रविवार आम्ही चौघांनी पडवीतच काढला. वडील टँकशेजारी चटईवर बसले आणि काकांना बकऱ्यांच्या गोष्टी सांगत राहिले. कोणती बकरी औषध थुंकते, कोणाच्या गालात बोट घालावं लागतं. काकांना ते निम्मंच कळत होतं, पण ते मन लावून ऐकत होते. मधूनमधून उठून गोधडीचा कोपरा उचलत.

"बाळंतिणीला झोपू द्या हो," काकू ओरडायच्या. "सारखं काय पांघरूण काढता."

सोमवारी सकाळी काकांनी गोधडी बाजूला केली. पाचही मासे उभे होते. खाली वाळूवर बारीक लाल धागे पडले होते. काही मधूनच किंचित वळवळत होते. काकांनी एक हाक मारली, फक्त "बीएस्सी" एवढीच, पण त्या हाकेत किती तरी दिवसांनी पूर्वीचा आवाज होता.

मी रबरी नळी टँकच्या तळाशी लावली आणि पाणी खेचायला दुसरं टोक तोंडात धरलं. जरा जास्तच खेचलं गेलं. तोंड भरून पाणी आलं आणि मी अंगणात थुंकत सुटलो.

वडील म्हणाले, "आते तुले बी औषध देनं पडी."

काकू भिंतीला धरून हसल्या. मी दहा वेळा चूळ भरली. मग काका बोटाने दाखवतील तिथे नळी फिरवत गेलो. "तो दगडाच्या मागे. अजून एक, पानाखाली. तो नाही, ते मूळ आहे." मला स्वच्छ दिसणाऱ्या वाळूत त्यांना आणखी आठ-दहा धागे दिसले. ओढलेलं पाणी आम्ही अंगणातल्या खड्ड्यात ओतून वर चुना टाकला, आणि टँकमध्ये मुरवून ठेवलेलं नवं पाणी भरलं.

वडील दुपारच्या गाडीने परत गेले. जाताना टँकसमोर वाकून त्यांनी मोठ्या मादीकडे बघितलं आणि म्हणाले, "हाई अजून खात नही. हाईले जप." जनावराच्या पोटाकडे बघूनच त्यांना ते कळत असे.

तीन आठवड्यांनी आम्ही दुसरी मात्रा दिली. या वेळी वाळूवर फार थोडे धागे सापडले, तेही काकांनाच. चार मासे आता चांगलं खात होते, त्यांचे पट्टे पुन्हा गडद झाले होते. मोठी मादी तेवढी सुधारली नव्हती. तिच्या पोटात आता जंत नव्हते, पण पोट आत गेलेलं होतं आणि पाठ धारेसारखी झाली होती. काकू रोज सकाळी अंडं उकडून, त्याच्या बलकाचे सुईच्या टोकाएवढे कण करून द्यायच्या. ती कण तोंडात घ्यायची आणि बाहेर सोडायची. चेहेडीला जाणं मी बंदच केलं होतं. सहकाऱ्याने विचारलं तर त्याला खरं कारण सांगितलं. सांगायला अवघड गेलं नाही. एकदा सांगायची सवय लागली की जमतं, हे मी त्या वर्षी शिकलो.

पुढे मी पुष्कळ वर्षं शिकवलं. मला शिकवणारी माणसं आठवली की कॉलेजातले सर आणि गोठ्यातले वडील मला शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि काकाही त्यांच्यातच. माझ्यामुळे त्यांचे दोन मासे गेले होते. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही.

दुसऱ्या मात्रेला दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळची वेळ. काका कपडे करून, डबा हातात घेऊन, चपला घालून दारात उभे होते. प्रेसची शिस्त कडक. गेट बंद झालं की झालं. निघता निघता त्यांनी बलकाचा एक कण मादीसमोर टाकला. तिने तो घेतला आणि सोडला. पुन्हा घेतला. आम्ही दोघं बघत होतो. तिचे गाल हलले आणि कण काही बाहेर आला नाही.

"थुंकेल," मी म्हणालो.

"थांबा."

काकांनी दुसरा टाकला. तोही गेला. तिसऱ्याला तिने स्वतः कोपरा सोडला आणि वर आली.

आतून काकू म्हणाल्या, "अहो, भोंगा झाला. गेट बंद होईल."

"होऊ दे," काका म्हणाले. त्यांनी डबा पायरीवर ठेवला, चपला काढल्या आणि टँकसमोर मांडी घालून बसले. "अजून थोडा बलक दे."